माउथ ऑर्गनचा भरड सूर हवा, माईकची शिट्टी नको

शिट्टी नेमकी कधी वाजते, हे आधी आठवून पाहा. हा प्रश्न मी ज्यांना विचारला, त्यातले बहुतेक म्हणाले, "जोरात वाजवलं की." त्यांना म्हटलं, पुढच्या कार्यक्रमात लक्ष ठेवा आणि मग सांगा. उत्तर बदललं. वाजवत असताना माईक गप्प असतो. ओळ संपते, श्वासासाठी ओठ सुटतात, गिटारवाला पुढच्या कॉर्डकडे वळतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात माईक किंचाळतो. पुढचं सगळं लिहिणं त्या अर्ध्या सेकंदाबद्दल आहे.

मी गोव्यातल्या फोंड्याचा. घरात पेटी होती, चतुर्थीला आरतीत घुमट (मडक्यावर चामडं ताणलेलं वाद्य) होतं, माउथ ऑर्गन मात्र कॉलेजात हाती आला. गेली काही वर्षं आम्ही चौघं नोव्हेंबर ते मार्च शनिवारी आश्वे, मांद्रे, हरमलच्या बाजूला ब्लूज वाजवतो, आणि पावसाळ्यात म्हापसा-पणजीकडच्या बंद जागांत. मला हवा असलेला सूर १९५०च्या दशकातल्या शिकागोचा आहे: लिटल वॉल्टर, बिग वॉल्टर हॉर्टन. साधा माईक माउथ ऑर्गनसकट ओंजळीत गच्च धरायचा आणि छोट्या व्हॉल्व्ह ॲम्पमधून (जुन्या काचेच्या नळ्यांच्या ॲम्प्लिफायरमधून) आवाज फाडायचा, ही त्या मंडळींची रीत. तो सूर गोड नसतो. जात्यातून पहिल्याच फेरीत निघालेल्या दाण्यासारखा भरड असतो, आणि कानाला धरून ठेवतो. तो शोधायला निघालेला प्रत्येक जण आधी शिट्टीवर येऊन आदळतो. मीही आदळलो, आणि दर वर्षी जूनमध्ये नव्याने आदळत राहिलो. ते का, ते खाली येईलच.

भरडपणा गेनच्या बटणात नाही

माईकने ऐकलं, ॲम्पने वाढवलं, स्पीकरने खोलीत सोडलं, खोलीतून फिरून ते पुन्हा माईकपाशी आलं. या फेरीत आवाज जितका विरतो, त्याहून ॲम्प त्याला जास्त वाढवत असेल, तर दर फेरीला तो मोठा होत जातो. ही शिट्टी. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं.

फाटलेल्या आवाजाच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी घडते. ॲम्पला त्याच्या कुवतीबाहेर ढकललं की तो आवाजाचे शेंडे छाटतो, आणि त्या छाटण्यातूनच भरडपणा येतो. शेंडे छाटले जात असताना तुम्ही आणखी जोराने फुंकलं, तरी स्पीकरमधून फारसं जास्त काही येत नाही. म्हणजे तुम्ही वाजवत असता तेव्हा ॲम्पची वाढवण्याची ताकद, म्हणजे गेन, दबलेली असते. तुम्ही थांबलात की ती मोकळी होते. बटण जिथे होतं तिथेच आहे, पण आता पंख्याची घरघर, टेबलावरच्या चमच्यांचा आवाज, स्वतःच्याच स्पीकरची सळसळ, सगळं तो पूर्ण जोराने वाढवतो. म्हणून शिट्टी शांततेत येते.

हे एकदा ध्यानात आलं की भरडपणाकडे जाणाऱ्या दोनच वाटा उरतात. माईकपर्यंत पोचणारा आवाजच इतका मोठा हवा, की कमी गेनवरही ॲम्प फाटेल. किंवा ॲम्प इतका लहान हवा, की थोडक्यात फाटेल. गेन वाढवणं ही तिसरी वाट वाटते आणि सगळे तीच धरतात, कारण बटण फिरवायला कष्ट नाहीत. पण त्या बटणाने भरडपणा आणि शिट्टी दोन्ही बरोबरच वाढतात.

गेन कुठून आला, याने शिट्टीला काही फरक पडत नाही. ओव्हरड्राइव्ह पेडल (आवाज फाडणारं पायाजवळचं यंत्र), माईकचा ट्रान्सफॉर्मर, ॲम्पचं पहिलं बटण, मास्टर, या सगळ्यांचा गुणाकार होतो आणि शिट्टी त्या गुणाकारावर ठरते. "पेडलवर ड्राइव्ह पूर्ण ठेव, ॲम्पचा व्हॉल्यूम खाली आण," हा सल्ला मला कितीतरी गिटारवाल्यांनी मनापासून दिला. त्यांच्या वाद्याला तो लागू पडतो. आपल्या हातातला माईक म्हणजे उघडा कान, तारांची थरथर टिपणाऱ्या गिटारच्या पिकअपसारखी गोष्ट नव्हे. ड्राइव्ह दुप्पट करून व्हॉल्यूम निम्मा केला, तर शांततेतला गुणाकार तेवढाच राहतो.

ओंजळ

सर्वात मोठा फरक इथे पडतो, आणि याला एक पैसा लागत नाही.

माईक आणि माउथ ऑर्गन यांच्याभोवती हात असे मिटायचे की मध्ये एक लहानशी बंद पोकळी तयार होईल. एवढ्याशा जागेत कोंडलेला आवाज माईकच्या पडद्यावर कितीतरी जास्त दाबाने आदळतो. वरचे तीक्ष्ण स्वर बुजतात, मधले फुगतात, पडदा स्वतःच थोडा चेपला जातो. अर्धा भरडपणा ॲम्पपर्यंत जाण्याआधीच तयार होतो.

घुमट वाजवलेलं किंवा जवळून पाहिलेलं असेल, तर हे लगेच समजेल. उजवा हात चामड्यावर पडतो, पण डावा तळवा मडक्याच्या उघड्या तोंडाशी सतत उघडझाप करत असतो आणि त्यानेच नाद बदलतो. तोंड मोकळं तर एक घुमारा, थोडं झाकलं तर दुसरा. आपली ओंजळ म्हणजे हातांचं घुमट. हाताची जरा हालचाल झाली तरी पोकळीचा घुमारा सरकतो. अर्धी उघडी ओंजळ सर्वात घातक का, तेही यावरून उमगतं: ती घुमतेही आणि खोलीतला आवाज आतही घेते. गच्च मिटलेली ओंजळ मात्र दोन्हीकडून राखण करते. माउथ ऑर्गनचा आवाज आत ठेवते आणि स्पीकरचा बाहेर.

ओंजळ गच्च आहे की नाही, हे ॲम्प न लावता तपासता येतं. घरातल्या कुणाला तरी चार पावलांवर उभं करा. माउथ ऑर्गन मोकळा धरून चौथ्या छिद्रावर एक लांब सूर द्या, आणि तो चालू असतानाच माईकभोवती हात मिटत न्या. ऐकणाऱ्याला आवाज डब्यात गेल्यासारखा वाटला पाहिजे. तुम्हालाही श्वासाला किंचित अडथळा जाणवेल. दोन्ही झालं नाही तर कुठेतरी फट आहे. माझ्या दोन फटी ठरलेल्या होत्या: करंगळ्यांच्या खाली, आणि अंगठ्याच्या मुळाशी, गालाला टेकतो तिथे. आरशासमोर बसून एक आठवडा रोज दहा मिनिटं फक्त हात मिटायचा सराव केला. त्या आठवड्यानंतर ॲम्पचं बटण पाचवरून तीनवर आलं आणि सूर आधीपेक्षा जाडच निघू लागला. माउथ ऑर्गनची मागची बाजू माईकच्या जाळीला चिकटवू नका, बोटाच्या पेराएवढी जागा मध्ये ठेवा.

श्वासाबद्दलही सांगायला हवं. पेटी आणि माउथ ऑर्गन एकाच कुळातले, दोघांतही पितळी पत्ती हवेने थरथरते. भाता दणादण मारल्याने पेटीचा सूर भरदार होत नाही, उलट किंचित उतरतो आणि कोरडा पडतो. इथेही तेच. जोर छातीच्या वरच्या भागातून न लावता पोटातून, घसा मोकळा ठेवून, सावकाश द्यायचा. चांगल्या वादकाचा माउथ ऑर्गन माईकशिवायही खोली भरतो. तिथून निघालेला आवाज मोठा असेल तर ॲम्पला करायला काम कमी उरतं.

आणि तो अर्धा सेकंद. ओळ संपल्यावर ओठ सोडू नका. नाकाने श्वास घ्या, तोंड माउथ ऑर्गनवरच राहू द्या. तोंडानेच ओंजळीची शेवटची फट बुजलेली असते. ती निघाली की घुमट उघडं पडतं. लांब थांबायचं असेल, गिटारचा सोलो चालू असेल, तर माईकचा व्हॉल्यूम अंगठ्याने शून्यावर न्या. शुअर कंपनीच्या ५२०डीएक्स माईकवर असं बटण मागे बसवलेलंच असतं. इतर माईकसाठी जॅक आणि वायर यांच्यामध्ये लावायचं छोटं व्हॉल्यूम बटण मिळतं किंवा हाताने बनवून घेता येतं. इतर कशावरही खर्च करण्याआधी यावर करा. हाताची उघडझाप करून येणारा तो वाऽवाऽ आवाज सगळ्यांनाच आवडतो, मलाही. तो सूर चालू असतानाच करायचा, शांततेत नाही.

गाण्याचा माईक मुठीत धरल्यावर

व्याख्यानाच्या व्यासपीठावर हे दृश्य प्रत्येकाने पाहिलेलं असतं. माईक शिट्टी मारू लागतो, वक्ता गडबडून त्याच्या जाळीवर हात ठेवतो, आणि शिट्टी दुप्पट होते. शुअर एसएम५८सारखे गाण्याचे माईक समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकतात, कारण मागून आलेला आवाज पडद्याच्या दोन्ही बाजूंना पोचून स्वतःलाच खोडतो. त्यासाठी मागून वाट लागते. जाळी मुठीत धरली की ती वाट बंद, आणि माईक चहूकडून ऐकू लागतो. म्हणून "दिशा असलेला माईक घ्या, शिट्टी कमी होईल," हे ओंजळीत धरून वाजवणाऱ्याला लागू नाही. आपल्याला गच्च मिटता येईल असा आकार महत्त्वाचा. बुलेट माईक, म्हणजे शुअरचा तो हिरवा गोळा, १९४९ साली आला तो घोषणा आणि बिनतारी संदेशांच्या कामासाठी. तो माउथ ऑर्गनवाल्यांनी उचलला याला एक कारण तळहातात बसणारा आकार, आणि दुसरं म्हणजे वरचे स्वर त्याला मुळात फारसे ऐकूच येत नाहीत.

एसएम५८च असेल तरी काम होतं. मात्र त्याला साध्या वायरने गिटार ॲम्पला जोडू नका. तो कमी इम्पीडन्सचा (इम्पीडन्स म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा), ॲम्पचं इनपुट जास्त इम्पीडन्सचं, त्यामुळे सूर क्षीण आणि सळसळीत येतो. मध्ये एक्सएलआर (माईकचा जॅक) ते क्वार्टर इंच (गिटारचा जॅक) असा इम्पीडन्स ट्रान्सफॉर्मर घाला. शिट्टी त्याने जाणार नाही, मघाशी म्हटलेल्या गुणाकाराच्या हिशेबाने. पण सळसळ कमी होते आणि पहिला व्हॉल्व्ह नीट जागा होतो.

दर जूनमध्ये परत येणारी शिट्टी

माझ्याकडे ॲस्टॅटिक जेटी-३० हा जुना बुलेट माईक होता. मुंबईतल्या एका वादकाकडून घेतलेला, मूळच्या क्रिस्टल एलिमेंटसह (एलिमेंट म्हणजे आवाजाची वीज करणारा माईकच्या आतला भाग). डिसेंबरात त्याचा सूर ऐकून आमचा बेसवाला वाजवायचं थांबला होता, इतका तो सुंदर होता. जूनपासून मात्र शिट्टी, शिट्टी आणि शिट्टी. मी दोष जागेला दिला, आणि त्यात थोडं तथ्य होतंच. किनाऱ्यावरच्या शॅकला झावळ्यांचं छप्पर आणि बाजू उघड्या. आवाज निघून जातो. पावसाळ्यात आपण चिऱ्याच्या भिंती, चकचकीत फरशी आणि वर स्लॅब अशा खोलीत शिरतो, शिवाय पावसाच्या आवाजावर मात करायला सगळेच जोरात वाजवतात. साउंड सांभाळणारा तरुण दर दहा मिनिटांनी हात खाली करून सांगायचा, "बाब, मातशें उणें कर मरे!" मी कमी करायचो, मग मला ऐकू यायचं नाही, मग पुन्हा वाढवायचो.

उलगडा झाला तो ॲम्पवर चिकटवलेल्या कागदी पट्टीमुळे. जानेवारीत मी बटणाची जागा पेनाने खुणावून ठेवली होती: तीनवर. जुलैत त्याच घरात, त्याच खुर्चीवर, तेवढ्याच आवाजासाठी बटण सातवर न्यावं लागत होतं. खोली बदलली नव्हती. मित्राचा मॅग्नेटिक एलिमेंटचा बुलेट लावून पाहिला. तो तीनवरच दणदणीत बोलला. माझा माईक अशक्त झाला होता. अशक्त माईकला मी गेन वाढवून उभं करत होतो आणि वाढलेला गेन शिट्टी देत होता.

त्या जुन्या क्रिस्टल एलिमेंटमध्ये रोशेल सॉल्ट असतं, पोटॅशियम सोडियम टार्ट्रेट. या क्षाराचा स्फटिक दाबला की वीज निर्माण करतो, पण तो पाण्यात विरघळणारा आहे. हवेतल्या आर्द्रतेने खराब होतो, ५५ अंश सेल्सियसच्या आसपास कायमचा निकामी होतो, आणि अगदी कोरड्या हवेतही त्यातलं पाणी उडून जातं. आपल्या किनाऱ्यावरचे जून ते सप्टेंबर त्याला सोसत नाहीत, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तो ठेवला तर पावसाची वाटही पाहावी लागत नाही. कुणाकडे असा माईक असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या थंड कपाटात ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या डबा भरून घालू नका, एखादी पुरे. आणि आधीच मेला असेल तर हळहळ बाजूला ठेवून त्याच कवचात सिरॅमिक किंवा मॅग्नेटिक एलिमेंट बसवून घ्या. सिरॅमिकला आर्द्रतेची ही बाधा होत नाही. सूर थोडा वेगळा येतो, पण ऑगस्टमध्ये येतो. मी मॅग्नेटिक बसवलं.

क्रिस्टल आणि सिरॅमिक दोघांनाही ॲम्पचं इनपुट फार जास्त इम्पीडन्सचं लागतं, एक मेगओम किंवा त्याहून अधिक. कमी असेल तर आवाज पातळ होतो, पत्र्यासारखा, आणि पुन्हा तुम्ही गेनकडे वळता.

पावसाळ्याचा आणखी एक बळी माउथ ऑर्गनच्या मधली, छिद्रांची लाकडी पट्टी. होनरचा मरीन बँड १८९६पासून निघतो आणि त्याची पेअरवुडची पट्टी ओलाव्याने फुगू शकते. फुगली की हवा बाजूने गळते, सूर बारीक होतो, आणि त्या बारीक सुराची भरपाई पुन्हा गेनने होते. इथल्या हवेला स्पेशल २० सारखी प्लॅस्टिकची पट्टी बरी. जेवून लगेच वाजवायचं असेल तर चूळ भरा.

ॲम्प

माउथ ऑर्गनवाल्यांमध्ये १९५९च्या सुमारच्या फेंडर बासमन या ॲम्पचं नाव देवासारखं घेतलं जातं. सुमारे ४० वॉट, १० इंची चार स्पीकर. तो इथे मिळणं कठीण, आणि मिळाला तरी शॅकच्या कोपऱ्यात तो फाटेपर्यंत वाढवला तर शेजारच्या टेबलावरचे लोक उठून जातील. ५ ते १५ वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प आपल्या कामाचा. ५ आणि ४० वॉटमध्ये फरक फक्त ९ डेसिबलचा, कानाला दुप्पट देखील वाटत नाही. पण लहान ॲम्प लवकर फाटतो, आणि आपल्याला तेच हवंय. त्यात उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद करायचा, हा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. दहाच्या आत तरी शेजाऱ्यांचे कान सांभाळून वाजवावं, असं मला वाटतं.

गिटारसाठी बनलेल्या बहुतेक ॲम्पमध्ये पहिल्या जागी १२एएक्स७ व्हॉल्व्ह असतो. त्याचा वाढवण्याचा गुणांक १००. गिटारच्या पिकअपला तो हवा, ओंजळीतल्या बुलेटला फार होतो. त्याच खोबणीत ५७५१ बसतो, गुणांक ७०. १२एवाय७ बसतो, साधारण ४४. १२एयू७ बसतो, २०च्या आत. बासमनच्या त्या जुन्या मॉडेलमध्ये पहिल्या जागी मुळात १२एवाय७च होता, आणि माउथ ऑर्गनला तो ॲम्प मानवला त्यात याचा वाटा नक्की आहे. मी १२एवाय७वर थांबलो. त्याने बटण कुठेतरी मधल्या, हाताला सवयीच्या जागेत येतं. आधी एक आणि दोनच्या मध्ये केसभर फिरवलं तरी किंचाळायचा. व्हॉल्व्ह बदलताना ॲम्प बंद करून, प्लग काढून, काच थंड झाल्यावरच हात घाला, आणि खोबणीपलीकडे आत हात नेऊ नका. व्हॉल्व्ह ॲम्पच्या आतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही कित्येकशे व्होल्ट साठून राहू शकतात.

आता बटणं. इथे थोडे आकडे कामाला येतात. प्रत्येक माउथ ऑर्गन एका ठरावीक स्केलमध्ये जुळवलेला असतो. सी माउथ ऑर्गनचा सर्वात खालचा सूर २६२ हर्ट्झ, सर्वात वरचा २०९३. जीचा खालचा १९६. म्हणजे १५० हर्ट्झच्या खाली आपलं काहीच नाही, आणि ५००० हर्ट्झच्या वर आहे ती फक्त धार. शिट्टी कुठल्या पट्टीत आहे ते ऐका. कान कापणारी कुईऽ असेल तर ट्रेबल खाली, प्रेझेन्स (अगदी वरच्या स्वरांचं बटण) असेल तर तोही. ओंजळीत कुठे फट पडली ते बघा. पोटात घुमणारी घोंऽ असेल तर बास कमी करा, आणि ॲम्प भिंतीच्या कोपऱ्यातून बाहेर काढून खुर्चीवर ठेवा. कोपरा आणि जमीन दोन्ही खालचे सूर फुगवतात. मी ट्रेबल जवळपास शून्यावर, बास सहा-सातवर ठेवतो; मधलं बटण असलं तर पूर्ण. एखाद्याच सुरावर शिट्टी येत असेल, तर दुसऱ्या स्केलचा माउथ ऑर्गन घेऊन तेच गाणं त्या स्केलमध्ये वाजवून पाहा. खालच्या स्केलचे, जी आणि ए, भांडण कमी करतात आणि जाडही वाजतात.

ॲम्प खुर्चीवर, तुमच्या बाजूला, थोडा मागे आणि किंचित वर कललेला. तुम्हाला ऐकू आलं की तुम्ही उगाच वाढवत नाही. स्पीकरच्या नाकासमोर उभं राहू नका, वरचे स्वर सरळ रेषेत जातात. अंतराबद्दल: उघड्यावर अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल वाचतात. बंद खोलीत तसं होत नाही. दोन-तीन मीटरनंतर भिंतींवरून परतणारा आवाजच भारी पडतो आणि आणखी मागे सरकून काही हाती लागत नाही. तिथे कोन बदला, शरीर मध्ये आणा, मागच्या भिंतीवर जाड पडदा असेल तर त्याकडे तोंड करा.

साउंडवाल्याला काय सांगायचं

त्याच्याशी आधी बोला, गाणी सुरू झाल्यावर खुणांनी नाही. लहान ॲम्पसमोर त्याचा माईक जाळीपासून दोन बोटांवर लावायला सांगा आणि पीएमधून, म्हणजे श्रोत्यांकडे तोंड केलेल्या मोठ्या स्पीकरांमधून, तोच आवाज मोठा करू द्या. भरडपणा ॲम्पने द्यावा, मोठेपणा पीएने. मात्र पीएचे स्पीकर तुमच्या पुढे असले पाहिजेत, आणि मॉनिटरमध्ये (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) माउथ ऑर्गन घालू नको, अगदी मी मागितला तरी घालू नको, असं त्याला सांगा. १५० हर्ट्झच्या खालचं आणि ५०००च्या वरचं काढून टाकायला सांगा. वापरात नसलेले गाण्याचे माईक बंद ठेवायला सांगा. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. एका जागी मला बंद माईक उघडायला लावले गेले, कारण "नंतर विसरायला होतं". तिथे मी पूर्ण रात्र अर्ध्या आवाजात वाजवलं.

ॲम्प नाहीच, थेट पीएतच वाजवायचं असेल तर आधी ओव्हरड्राइव्ह आणि स्पीकरची नक्कल करणारं पेडल लावा. गिटारचा स्पीकर ५००० हर्ट्झनंतर झपाट्याने गळतो, पीएचा हॉर्न (वरच्या स्वरांचा भोंगा) त्याच्या पुढेही कितीतरी जातो. तीच सगळी धार शिट्टी बनून परतते.

शिट्टी शोधून तिथेच बारीक खाच पाडणारी यंत्रं मिळतात. गायकाच्या स्टँडवरच्या माईकला ती बरी. आपली ओंजळ हलली की घुमारा सरकतो, खाच मागे राहते, आणि चार खाचांनंतर सूरच पोकळ होतो. त्यापेक्षा नॉइज गेट घ्या. तो शांतता ओळखून दार बंद करतो, आणि आपली शिट्टी शांततेतच जन्मते. तो ड्राइव्हच्या आधी लावा, आणि त्याची पातळी अशी ठेवा की लांब सुराचं शेपूट कापलं जाणार नाही. कम्प्रेसर मात्र अजिबात नको. तो शांततेला उचलून वर आणतो.

गुणगुण ही शिट्टी नव्हे

शांत असताना सतत "म्म्म" असा ५० किंवा १०० हर्ट्झचा आवाज येत असेल आणि तुम्ही अंग फिरवल्यावर तो कमी-जास्त होत असेल, तर ती ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरची किंवा सजावटीच्या दिव्यांची ओढ आहे. जागा बदला. अंग फिरवून फरक पडत नसेल तर वायर किंवा अर्थिंग तपासा.

आणि कुणी म्हणालं की प्लगची तिसरी पिन काढली की गुणगुण जाते, तर ऐकू नका. आपण ओल्या ओठांनी धातूचा माउथ ऑर्गन धरतो, हातात धातूचा माईक असतो, पायाखाली बहुतेक वेळा ओली फरशी किंवा वाळू. अर्थिंग नसलेल्या ॲम्पचा विजेचा प्रवाह आपल्यातून जाऊ शकतो आणि हे जिवावर बेततं. नव्या जागी प्लग लावण्याआधी तिथल्या वायरमनकडून अर्थिंग बघून घ्या, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का विचारा. नसेल तर त्या रात्री मी माईकशिवाय वाजवतो.

साउंडचेकला मी एवढंच करतो. ॲम्प खुर्चीवर, ट्रेबल खाली, व्हॉल्यूम शून्यावर. पंखे चालू, बाकीचे माईक जसे कार्यक्रमात असतील तसे. मग ओंजळ बांधतो, माउथ ऑर्गन आत, पण ओठ लावत नाही. हीच सर्वात वाईट अवस्था, तो अर्धा सेकंद. बेसवाला बटण सावकाश वाढवत जातो, मी हात किंचित उघडतो, पुन्हा मिटतो. शिट्टीची पहिली चाहूल लागली की तो थांबतो आणि थोडं मागे घेतो. आता मी दहापर्यंत मोजतो. दहापर्यंत गप्प राहिला, तर त्या जागेवर कागदी पट्टी लावून तारीख लिहितो.